भंगारातलं वर्कस्टेशन, लिनक्स आणि दोन प्रोसेसर



गेल्या काही महिन्यांत वेगवेगळ्या गावांतून एकच प्रश्न माझ्याकडे येतोय. ग्रामसंघाच्या कार्यालयातला कॉम्प्युटर दुरुस्तीला नेला की दुकानदार सांगतो, "ताई, विंडोज १० बंद झालं. हे मशीन आता भंगार. नवीन घ्या." मग बैठकीत विषय निघतो. कोणी म्हणतं कर्ज काढू, कोणी म्हणतं दंडाच्या पैशातून भागवू, आणि कोपऱ्यातली एखादी म्हणते, आपली वहीच बरी होती. म्हणून आजचं बोलणं जुन्या मशीनवर. तेही साध्यासुध्या नाही, 'वर्कस्टेशन' नावाच्या दांडग्या जुन्या मशीनवर. शहरातल्या कंपन्या आणि नकाशे काढणारी ऑफिसं अशी मशीनं काढून टाकतात आणि ती फिरत फिरत आपल्यापर्यंत येतात. आमच्या प्रभागसंघाच्या कार्यालयात असंच एक आलं आहे, एचपी कंपनीचं झेड ६००. त्यावर आम्ही लिनक्स टाकलं आणि त्याचे दोन्ही प्रोसेसर बदलले. ते कसं केलं, कशासाठी केलं आणि कुठे हात आवरायचा, हे सांगते.

आधी 'बंद झालं' याचा अर्थ समजून घेऊ. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबवले. म्हणजे मशीन चालायचं थांबलं असं नाही. दाराची कडी मोडली म्हणून घर पडत नाही, पण रात्री निवांत झोप लागत नाही, तसं आहे ते. गटाचं बँकेचं काम ज्या मशीनवर चालतं, त्याची कडी मोडलेली चालणार नाही. आणि विंडोज ११ या जुन्या मशीनवर रीतसर बसत नाही. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, नव्या पद्धतीचं बायोस लागतं, आणि प्रोसेसरही साधारण २०१८ नंतरचा लागतो. तेव्हा दुकानदार अगदीच खोटं बोलत नाही. फक्त तो अर्धंच सांगतो. उरलेलं अर्धं म्हणजे लिनक्स.

लिनक्स हे विंडोजसारखंच कॉम्प्युटर चालवणारं मूळ सॉफ्टवेअर. फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्यानं, लिनस टोरवाल्ड्सनं, १९९१ साली त्याची सुरुवात केली, आणि पुढे जगभरातल्या हजारो लोकांनी ते वाढवलं. त्याला पैसे पडत नाहीत, परवान्याची भानगड नाही, आणि आपण ते दहा मशीनवर टाकलं तरी चोरी होत नाही. हा शेवटचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दुकानदार 'विंडोज टाकून देतो' म्हणतो, तेव्हा ते बिनपरवान्याचं असतं, आणि आपल्याला ते कोणी सांगत नाही. केरळच्या सरकारी शाळा अनेक वर्षं लिनक्सवर चालल्या आहेत. आपल्या सी-डॅकनंही 'बॉस' नावाचं भारतीय लिनक्स काढलं आहे. तेव्हा हे काही नादिष्ट पोरांचं खेळणं नाही.

आता हे वर्कस्टेशन म्हणजे काय प्रकरण? झेड ४००, झेड ६०० आणि झेड ८०० ही तीन भावंडं एचपीनं २००९ मध्ये आणली. त्यांचा बाहेरचा डबा बीएमडब्ल्यू मोटारवाल्यांच्या डिझाइन कंपनीनं आखला होता, म्हणून तो आजही देखणा दिसतो. उचलायला मात्र दोघी लागतात. बाजूचं झाकण कडी ओढली की उघडतं, स्क्रूड्रायव्हर लागत नाही. आत पाहिलं की साध्या कॉम्प्युटरहून वेगळं काय ते लगेच दिसतं: प्रोसेसर बसवायच्या दोन जागा. आणि मेमरी 'ईसीसी' जातीची. गटाच्या बैठकीत एकीनं मोजलेली रक्कम दुसरी पुन्हा मोजते ना, तशी ही मेमरी स्वतःचा हिशोब तपासते आणि एखाददुसरी चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करते. अशी मशीनं चोवीस तास चालवण्यासाठी बनवलेली असतात. म्हणूनच पंधरा वर्षं झाली तरी त्यांच्यात जीव असतो.

प्रोसेसर म्हणजे काम करणारा मेंदू, हे आपण ऐकलेलं असतं. पण 'चार कोर', 'सहा कोर' म्हटलं की गोंधळ होतो. कोर म्हणजे कामाला असलेल्या बायका समजा. लग्नाच्या स्वयंपाकात सहाजणी असल्या तर एक पुऱ्या लाटेल, एक तळेल, एक भाजी चिरेल, काम भराभर उरकेल. पण एकाच कढईतली भाजी सहाजणींनी ढवळली म्हणून ती लवकर शिजत नाही. कॉम्प्युटरचंही तसंच. व्हिडिओ तयार करणं, रेडिओच्या तासाभराच्या रेकॉर्डिंगमधला खरखराट काढणं, एकाच वेळी पाच-सहा कामं उघडी ठेवणं, यात जास्त कोरचा उपयोग होतो. एक पत्र टाइप करायला किंवा गटाचा ताळेबंद उघडायला होत नाही. ज्यांचं काम फक्त हिशोब आणि ऑनलाइन फॉर्म इतकंच आहे, त्यांनी प्रोसेसर बदलायच्या फंदात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही पडलो, कारण आमच्याकडे गटांच्या मालाचे व्हिडिओ आणि या रेडिओचे काही कार्यक्रम तयार होतात.

आणि पैसा मोजकाच असेल तर तो आधी एसएसडीवर घाला. जुन्या मशीनमधली हार्ड डिस्क फिरणारी असते, तिच्यात तबकडी गरगरते. एसएसडीत काहीच फिरत नाही. नुसती डिस्क बदलली की मशीन चालू व्हायचा वेळ इतका खाली येतो की आमच्या लेखापाल ताई म्हणाल्या, "चहा टाकायला गेले आणि हे तयार होऊन बसलं पण!" झेड ६०० मध्ये जुन्या वेगाची साटा जोडणी आहे, त्यामुळे महागडी एसएसडी घेऊन फायदा नाही, साधी २४० जीबीची पुरते. दुसरा खर्च मेमरीचा. या मशीनमध्ये प्रत्येक प्रोसेसरच्या वाट्याला मेमरीच्या तीन जागा असतात, म्हणून पट्ट्या तीन-तीनच्या हिशोबानं लावल्या की वेग चांगला मिळतो. जी पट्टी आत आहे तिच्यावरचा मजकूर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि त्याच जातीची घ्या. 'रजिस्टर्ड' आणि 'अनबफर्ड' अशा दोन जाती दिसायला सारख्या असतात, पण त्या एकत्र नांदत नाहीत. एवढं झाल्यावर प्रोसेसरचा विचार.

आमच्या मशीनमध्ये झीऑन ई ५५२० हे दोन प्रोसेसर होते, प्रत्येकी चार कोरचे, २.२६ गिगाहर्ट्झचे. त्यांच्या जागी आम्ही एक्स ५६५० बसवले, सहा कोरचे, २.६६ गिगाहर्ट्झचे. हा आकडा वाचायला शिकलात की अर्धं काम झालं. ५५ नं सुरू होणारे २००९ चे, ५६ नं सुरू होणारे २०१० चे. आधीच्या अक्षरावरून वीज किती खातो त्याचा अंदाज येतो. 'एल' म्हणजे कमी खाणारा, 'ई' म्हणजे साधारण ८० वॉटचा, 'एक्स' म्हणजे ९५ किंवा त्याहून जास्त. झेड ६०० साठी ९५ वॉटपर्यंतचेच घ्यावेत. एक्स ५६८० आणि एक्स ५६९० हे १३० वॉटचे आहेत, ते मोठ्या झेड ८०० साठी. विकणारा म्हणेल 'हा सगळ्यात फास्ट आहे ताई', पण आपल्या घरचा गॅस लग्नाच्या पातेल्याखाली ठेवण्यातला प्रकार आहे तो. दोन्ही प्रोसेसर एकाच नंबरचे हवेत, एक बैल आणि एक रेडा अशी जोडी जुंपता येत नाही. 'डब्ल्यू ३५' किंवा 'डब्ल्यू ३६' नं सुरू होणारे एकेकटे काम करणारे असतात, त्यांची जोडी होत नाही. आणि झाकणावर नंबरऐवजी 'इंटेल कॉन्फिडेन्शियल' असं कोरलेलं असेल तर तो कंपनीचा चाचणीचा नमुना असतो. स्वस्तात देतात, घेऊ नका.

एक्स ५६५० नवा होता तेव्हा एका नगाला जवळजवळ हजार डॉलर मोजावे लागत. आज मोठमोठे सर्व्हर मोडीत निघतात तेव्हा हे प्रोसेसर ढिगानं बाहेर पडतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस, बंगळुरूचा एस. पी. रोड इथे विचारा, नाहीतर ऑनलाइन जुन्या मालात शोधा. एका नगाची किंमत रुपयांत शेकड्यांमध्ये सांगतात. इतक्या स्वस्त मिळतात म्हणूनच हा उद्योग परवडतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ती पैसे देण्याआधी तपासायची. प्रत्येक झेड ६०० मध्ये ५६ वाले प्रोसेसर चालत नाहीत. सुरुवातीच्या काळात बनलेल्या मशीनमध्ये फक्त ५५ वालेच चालतात. बाहेरून दोन्ही मशीनं जुळ्या बहिणींसारखी दिसतात. ओळखायचं कसं? मशीन चालू करताना एफ १० हे बटण दाबत राहा, निळसर मेनू येईल. त्यात 'फाइल'मध्ये 'सिस्टीम इन्फर्मेशन' आहे. तिथे 'बूट ब्लॉक डेट' अशी एक ओळ दिसेल. ती तारीख ३० जानेवारी २००९ असेल तर ५६ वाले चालणार नाहीत, विषय संपला. १५ जानेवारी २०१० असेल तर चालतील. तारीख अमेरिकी पद्धतीनं लिहिलेली असते, आधी महिना मग दिवस, हे ध्यानात ठेवा. कोणी म्हणेल बायोस अपडेट केलं की होतं, तर नाही होत. बायोस म्हणजे मशीन जागं होताना पहिल्यांदा चालणारा प्रोग्राम, आणि बूट ब्लॉक हा त्याचा पाया. अपडेटनं वरचं घर बदलतं, पाया तोच राहतो. ज्यांची तारीख २००९ ची निघाली त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. ५५ मध्येही एक्स ५५७० सारखे ९५ वॉटचे चांगले प्रोसेसर आहेत, कोर चारच पण वेग जास्त. नाहीतर आहे तेच ठेवा आणि एसएसडी टाका.

तारीख २०१० ची असली तरी बायोस नवीन हवं, नाहीतर नवे प्रोसेसर त्याला ओळखू येत नाहीत. हे अपडेट जुने प्रोसेसर आत असतानाच करायचं. एचपीच्या संकेतस्थळावरून आपल्याच मॉडेलची फाइल घ्यायची, पेन ड्राइव्हवर टाकायची आणि त्याच एफ १० च्या मेनूतल्या 'फ्लॅश सिस्टीम रॉम'मधून चढवायची. काम दोन-चार मिनिटांचं, पण त्या दोन-चार मिनिटांत लाइट गेली तर मशीन कायमचं मुकं होऊ शकतं. आपल्याकडच्या लाइटचा भरवसा मी तुम्हाला काय सांगणार! यूपीएसची बॅटरी चांगली असल्याची खात्री करा, आणि वादळी हवेत, पावसाच्या दिवशी हे काम काढूच नका.

क्रम विचाराल तर आम्ही आधी लिनक्स टाकलं, आठवडाभर वापरलं आणि मग प्रोसेसर बदलले. दोन्ही एकदम केलं आणि काही अडलं, तर दोष कुणाचा ते कळत नाही. प्रोसेसर बदलल्यावर लिनक्स पुन्हा टाकावं लागत नाही. ते उठल्यावर बघतं की घरात माणसं वाढली आहेत, आणि कामाला लावतं.

लिनक्सचे प्रकार पुष्कळ. त्या चर्चेत शिरलात तर बाहेर येणार नाही. विंडोजची सवय असलेल्यांसाठी लिनक्स मिंट घ्या, आणि त्यातलं 'एक्सएफसीई' हे हलकं रूप घ्या. खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ, सगळं ओळखीचं वाटतं. कुठल्याही चालू कॉम्प्युटरवर ते उतरवून घ्या आणि 'रूफस' किंवा 'एचर' या प्रोग्रामनं आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिहा. नुसती फाइल कॉपी करून चालत नाही, आणि पेन ड्राइव्हमधलं आधीचं सगळं पुसलं जातं. मग तो लावून वर्कस्टेशन चालू करताना एफ ९ दाबा आणि यादीतून पेन ड्राइव्ह निवडा. आता इथे घाई करू नका. मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालतं, डिस्कला हातही न लावता. या अवस्थेत अर्धा दिवस घालवा. आवाज येतो का, प्रिंटर ओळखला जातो का, बँकेचं पान उघडतं का, मराठी नीट दिसतं का, हे सगळं बघून घ्या. पटलं तर 'इन्स्टॉल'वर जा, नाही पटलं तर पेन ड्राइव्ह काढा, मशीन होतं तसं आहे.

इन्स्टॉल करताना एकच प्रश्न धोक्याचा असतो: 'डिस्क पुसून टाकू का?' त्याआधी जुना सगळा डेटा दुसरीकडे घेतलेला हवा, आणि घेतलेला उघडून बघितलेला हवा. आम्ही तर जुनी हार्ड डिस्क काढून, पिशवीत घालून, वर तारीख लिहून कपाटात ठेवली आणि लिनक्स नव्या एसएसडीवर टाकलं. यासारखी बिनघोर पद्धत नाही. या मशीनचं बायोस जुन्या वळणाचं आहे, त्यामुळे मशीन ज्या डिस्कवरून सुरू होतं ती दोन टीबीपेक्षा मोठी घेऊ नका.

झेड ६०० मध्ये बहुधा एनव्हिडियाचं क्वाड्रो ग्राफिक्स कार्ड असतं. एफएक्स १८०० सारख्या त्या काळच्या कार्डांसाठीचा कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर २०१९ अखेर थांबला. लिनक्समध्ये 'नूव्हो' नावाचा मोकळा ड्रायव्हर आपोआप लागतो, त्यावरच राहा. पडदा नीट दिसतो, व्हिडिओ चालतात, आपल्याला आणखी काय हवं.

अडचणी कुठे येतात तेही सांगते, कारण त्या कोणी सांगत नाही. पहिली प्रिंटरची. आपल्याकडच्या ऑफिसांत दोन प्रिंटर घरोघरच्या तुळशीसारखे दिसतात, एचपीचा लेझरजेट १०२० आणि कॅननचा एलबीपी २९००. पहिल्याला 'एचपीलिप'मधून एक जास्तीचा प्लगइन उतरवावा लागतो, मग तो सुरळीत चालतो. दुसरा लिनक्सवर फार रुसतो, त्याचा ड्रायव्हर बसवणं नवख्या माणसाचं काम नाही. तुमच्याकडे कॅनन २९०० असेल तर आधी प्रिंटरचा निकाल लावा, मग लिनक्सचा. दुसरी अडचण जुन्या मराठी फाइलींची. श्री-लिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली इतिवृत्तं उघडली की 'अ'च्या जागी काहीतरी भलतंच दिसतं. फाइल बिघडलेली नसते, ती युनिकोडमध्ये नसते, इतकंच. बदलून घेण्याची साधनं मिळतात, पण बदलल्यावर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात. नवीन टायपिंग मात्र इनस्क्रिप्ट कीबोर्डवर उत्तम होतं. एक्सेलच्या फाइली लिबरऑफिसमध्ये उघडतात, मात्र ज्यांत मॅक्रो भरलेले आहेत त्या अडखळतात. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. आणि ज्या ताई बँक सखी म्हणून अंगठ्याच्या यंत्रावर व्यवहार करतात, त्यांनी ते यंत्र आपल्या मोबाइलवर किंवा वेगळ्या मशीनवरच ठेवावं. त्या यंत्रांचे ड्रायव्हर बहुधा विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच असतात. डिजिटल सहीच्या डोंगलचंही आधी बघून घ्या.

आता प्रत्यक्ष प्रोसेसर बदलण्याचं काम. दोघी बसा, एक करणारी आणि एक बघणारी. बघणारीनं प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढायचा. नायलॉनची किंवा सिंथेटिक साडी नको, त्यातली स्थिर वीज बोटातून उतरली तर दिसत नाही पण चिप मारते. सुती कपडे घाला. बांगड्या काढून ठेवा, मंगळसूत्र पदराआड खोचा, केस बांधा. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. आत वाकून काम करायचं असतं, आणि सॉकेटमध्ये केसापेक्षा नाजूक अशा १३६६ पिना असतात. एखादी बांगडी त्यावर टेकली तर मदरबोर्डच बाद.

आधी मशीन दहा मिनिटं चालवा, म्हणजे हीटसिंकखालची वाळलेली पेस्ट थोडी मऊ होईल. मग बंद करून वायर काढा, चालूचं बटण एकदा दाबून आत उरलेली वीज जाऊ द्या. डब्याच्या उघड्या धातूला हात लावा, आणि काम करताना अधूनमधून लावत राहा. पंख्याची वायर सोडवा. हीटसिंकचे चार स्क्रू एकदम पुरते काढायचे नाहीत. समोरासमोरच्या कोपऱ्यातले थोडे थोडे, आळीपाळीनं सैल करायचे. उचलताना सरळ वर ओढू नका, हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सुटू द्या. आत धूळ असेल तर ब्रशनं आणि हवेच्या पंपानं काढा, ओलं फडकं नको. आमच्या मशीनमध्ये इतकी धूळ होती की पंखे का किंचाळत होते ते आतलं बघूनच कळलं.

खाली चौकोनी धातूचं झाकण दिसेल, तोच प्रोसेसर. बाजूची दांडी दाबून सोडवायची, चौकट वर करायची आणि प्रोसेसर कडेला धरून सरळ उचलायचा. नव्याच्या दोन बाजूंना छोट्या खाचा आहेत आणि एका कोपऱ्यात त्रिकोण आहे. ते जुळले की तो स्वतःच्या वजनानं बसतो. दाबायचा नाही. दाबावासा वाटला तर तो चुकीच्या दिशेनं आहे असं समजा. सॉकेटला बोट लावू नका, फुंकरही मारू नका. दांडी लावताना मात्र बराच जोर लागतो आणि कर्र असा आवाज होतो, घाबरायचं नाही.

जुनी पेस्ट हीटसिंकवरून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून काढा, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ते मिळतं. नवीन पेस्ट प्रोसेसरच्या मधोमध तुरीच्या दाण्याएवढी, बस्स. भाकरीला तूप लावल्यासारखी थापायची नाही. तिचं काम फक्त दोन धातूंमधल्या फटी भरण्याचं, जास्त झाली तर उष्णता उलट अडते. मग हीटसिंक सरळ खाली ठेवून चारी स्क्रू पुन्हा आळीपाळीनं आवळा, पंख्याची वायर लावा. दुसऱ्या प्रोसेसरला हेच सगळं. आत आहात तशी बोर्डावरची सीआर २०३२ ही नाण्यासारखी बॅटरीही बदलून टाका. ती संपली की मशीनची तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की बँकेची संकेतस्थळं 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाहीत. कितीतरी जणींनी या एका बॅटरीपायी मशीन दुरुस्तीला नेलेलं मला माहीत आहे.

पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा थोडा वेळ काळाच राहतो, धीर धरा. तरीही काही आलं नाही आणि लाल दिवा लुकलुकत शिट्ट्या वाजल्या तर त्या मोजा. पाच असतील तर मेमरीची पट्टी नीट बसलेली नाही, तीन असतील तर प्रोसेसर. बहुतेक वेळा पाचच असतात, कारण काम करताना धक्का पट्ट्यांनाच लागतो. पट्ट्या काढून पुन्हा टक् आवाज येईपर्यंत बसवा.

लिनक्स उघडलं की टर्मिनलमध्ये एल, एस, सी, पी, यू ही पाच इंग्रजी अक्षरं सलग लिहून एंटर दाबा. सॉकेट दोन, प्रत्येकात सहा कोर, आणि एकूण सीपीयू २४ असं दिसलं पाहिजे. कोर बारा आणि सीपीयू चोवीस कसे, असं वाटेल. या प्रोसेसरचा प्रत्येक कोर दोन कामं आलटून पालटून हातात धरतो, म्हणून दुप्पट मोजतात. प्रत्यक्षात काम दुप्पट होत नाही. मग 'सेन्सर्स' ही आज्ञा देऊन तापमान बघा. जड काम चालू असताना आकडा ऐंशीच्या वर जात असेल तर पेस्ट किंवा पंखा पुन्हा तपासा.

इतकं करूनही हे मशीन २०१० चंच आहे, हे विसरू नये. 'एव्हीएक्स' नावाची सोय इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०११ पासून आली, ती यात नाही. त्यामुळे एआयवर चालणारे काही नवे प्रोग्राम यावर उघडतच नाहीत. आणि विजेचा हिशोब करा. आमच्या मशीनला काही न करता नुसतं चालू असतानाच सव्वाशे-दीडशे वॉट लागतात. दिवसाला आठ तास धरले तर रोज एक युनिट, महिन्याला पंचवीस-तीस. लॅपटॉपला याच्या पाव हिश्श्यानं भागतं. वर्षाचं बिल मांडून, ते नव्या मशीनच्या हप्त्याशेजारी लिहून मगच ठरवा. बैठकीत हे दोन आकडे फळ्यावर लिहिले की अर्धा वाद मिटतो. ज्यांना एवढी ताकद रोज लागत नाही त्यांनी एकच प्रोसेसर ठेवला तरी चालतं, फक्त दुसऱ्याच्या वाट्याच्या मेमरीच्या जागा मग रिकाम्या राहतात. दुकानात मिळणारा सहाशे व्हीएचा छोटा यूपीएस अशा मशीनला पुरत नाही. दोन्ही प्रोसेसर जोरात चालू असताना लाइट गेली की तो टूं करून बसतो. हजार व्हीएच्या वरचा घ्यावा, आणि लाइट गेल्यावर काम सेव्ह करून मशीन बंद करावं, पुढे चालवत बसू नये.

उरले ते जुने प्रोसेसर आणि जुनी डिस्क. प्रोसेसर मूळ पाकिटात घालून वर नंबर लिहून ठेवा, नवे बिघडले तर तेच उपयोगी पडतील. डिस्कमध्ये सभासदांचे आधार क्रमांक, खाते क्रमांक, कर्जाच्या नोंदी असतात. ती फेरीवाल्याला द्यायची नाही, आणि नुसतं 'डिलीट' करूनही द्यायची नाही. सगळा डेटा नव्या मशीनवर आल्याची खात्री होईपर्यंत ती कुलुपात ठेवा. त्यानंतर लिनक्समधूनच तिच्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्यं लिहून ती पुसता येते. मोठी डिस्क असेल तर एक रात्र जाते. पुसल्यावर ती सरकारमान्य ई-कचरा केंद्रात द्या आणि पावती घेऊन कार्यालयाच्या फाइलला लावा.